मळ कोणता आणि वर्ण कोणता?

तांब्याचे भांडे चिंचेने घासले की बघता बघता उजळते, हा अनुभव आपल्या घराघरांतला आहे. हवेमुळे तांब्यावर काळपट थर चढतो, चिंचेतील आम्ल तो थर विरघळवते आणि खालचा मूळचा लालसर रंग वर येतो. भांड्याच्या बाबतीत हे शास्त्र अगदी बरोबर आहे. कारण तेथे काळेपणा वर असतो आणि झळाळी खाली. आपल्या समाजाची गफलत अशी झाली आहे, की भांड्याचे हे शास्त्र त्याने जसेच्या तसे माणसाच्या कातडीला लावले. काळ्या किंवा सावळ्या माणसाला पुरेसे घासले, त्याच्या तोंडाला काहीबाही फासले, की आतून केव्हातरी गोरा माणूस बाहेर येईल, अशी एक ठाम समजूत आपल्याकडे आहे. ती कोणी उघड बोलून दाखवत नाही. परंतु आमच्या मुलींच्या वसतिगृहातील न्हाणीघराच्या फळीवर ओळीने मांडलेल्या डब्या, बाटल्या, पुड्या आणि घासण्या पाहिल्या म्हणजे ती समजूत किती खोल गेली आहे हे कळते.

भाषाही या गफलतीला साथ देते. आपल्याकडे रंग 'उजळतो', चेहरा 'खुलतो', आणि उलट झाले तर माणूस 'काळवंडतो'. मळकट आणि काळपट हे शब्द आपण इतक्या सहजपणे एकमेकांच्या जागी वापरतो, की दोन्हींत काही फरक आहे हेच विसरून जातो. हा लेख मी त्या फरकापुरता लिहीत आहे. स्वच्छतेला माझा विरोध नाही, नटण्यालाही नाही. अंग घासण्याच्या आपल्या जुन्या-नव्या पद्धतींत पुष्कळसे शहाणपण आहे असे मी मानते. फक्त आपण जे घासून काढू पाहतो ते मळ आहे की वर्ण, हे एकदा नीट पाहायला हवे.

मी कला शाखेची विद्यार्थिनी. विज्ञानाशी माझा संबंध दहावीपर्यंतचाच. म्हणून ग्रंथालयातून विज्ञान शाखेची पुस्तके काढून वाचली आणि जेथे अडले तेथे जीवशास्त्राच्या मॅडमना विचारले. त्यातून जे कळले ते इतके साधे आहे, की ते आम्हाला आठवीतच कोणी ठसवून का सांगितले नाही याचे आश्चर्य वाटते. आपल्या बाह्यत्वचेच्या तळाशी नव्या पेशी सतत जन्माला येतात आणि हळूहळू वर सरकत राहतात. वर येता येता त्या चपट्या होतात, कोरड्या पडतात आणि मरतात. अगदी वरच्या बाजूला या मृत पेशींचे पंधरा-वीस थर कौलांसारखे एकावर एक रचलेले असतात. पावसाला अडवणाऱ्या कौलांप्रमाणेच हे थर आतले पाणी बाहेर जाऊ देत नाहीत आणि बाहेरचे जंतू आत येऊ देत नाहीत. तरुण वयात तळापासून वर येऊन गळून पडेपर्यंतचा हा प्रवास साधारण चार आठवड्यांचा असतो. वय वाढते तसा तो लांबतो. म्हणजे कातडी आपली आपणच बदलत असते. साप कात टाकतो तेव्हा ती आपल्याला दिसते. आपली कात रोज थोडी थोडी अंगरख्यात, अंथरुणात आणि अंघोळीच्या पाण्यात जाते, म्हणून दिसत नाही.

आता रंगाचे पाहा. मेलॅनिन नावाचे रंगद्रव्य तयार करणाऱ्या पेशी या बाह्यत्वचेच्या तळाशी बसलेल्या असतात. त्या आपले रंगद्रव्य शेजारच्या पेशींना वाटून देतात. गोऱ्या आणि काळ्या माणसांत या रंगपेशींची संख्या जवळजवळ सारखीच असते. फरक असतो तो त्या किती आणि कोणत्या प्रकारचे मेलॅनिन बनवतात याचा. हे रंगद्रव्य पेशीच्या केंद्रकावर छत्रीसारखे पसरते आणि उन्हातील अतिनील किरणांपासून त्याचे रक्षण करते. थोडक्यात, भांड्याच्या नेमके उलट आहे. भांड्यात काळे वर आणि रंग खाली. माणसात मृत थर वर आणि वर्ण तळाशी. वरचे कितीही खरवडले तरी खालून येणारी प्रत्येक पेशी आपला रंग बरोबर घेऊनच येणार.

मग घासल्याने चेहरा तजेलदार दिसतो तो कसा? दिसतो, यात खोटे काही नाही. कधी कधी मृत पेशी वेळेवर गळत नाहीत, खपल्यांसारख्या वेड्यावाकड्या चिकटून राहतात. अशा खडबडीत पृष्ठभागावर प्रकाश पडला की तो चारी दिशांना विखुरतो आणि त्वचा निस्तेज दिसते. त्या खपल्या अलगद निघाल्या की पृष्ठभाग गुळगुळीत होतो आणि तुकतुकी येते. ही तुकतुकी काळ्या त्वचेलाही येते, गव्हाळ त्वचेलाही येते. जाहिरात मात्र तुकतुकी दाखवते आणि गोरेपणा विकते. सगळी हातचलाखी येथे आहे.

या बाबतीत आपल्या जुन्या लोकांचे मला एक कौतुक वाटते. वाग्भटाच्या 'अष्टांगहृदया'तील दिनचर्येच्या अध्यायात अभ्यंग, व्यायाम, उद्वर्तन आणि स्नान असा क्रम येतो. उद्वर्तन म्हणजे अंगाला कोरडे चूर्ण चोळणे; आपले दिवाळीचे उटणे त्याच घरातले. नरकचतुर्दशीच्या पहाटे आधी तेल, मग उटणे, मग ऊन पाणी. तेलाने वरचा थर मऊ होतो, पिठाने तो अलगद सुटतो आणि मळ व जास्तीचे तेल दोन्ही निघून जातात. नागरमोथा, वाळा, आंबेहळद, कचोरा, संत्र्याची वाळलेली साल, मसुराचे पीठ – घरोघरी यादी वेगळी. आमच्याकडे यादी फार लांबत नसे. हरभऱ्याच्या डाळीचे पीठ, हळद आणि साय मिळाली तर साय. वाळलेल्या घोसाळ्याची जाळी पाठ घासायला आणि वज्री टाचांना. वज्री विकत आणायला पैसे नसले तर विटेचा तुकडा. (माझ्या आजीच्या विटेला मधोमध तिच्या टाचेच्या आकाराचा खळगा पडला होता.) या सगळ्यांत एक प्रमाण होते. खरखरीत वस्तू जाड कातडीला, मऊ वस्तू नाजूक कातडीला. वीट कोणी गालाला लावत नसे.

मात्र जुने ते सगळे सोने असेही मी म्हणणार नाही. कुठे कुठे उटण्यात बावची घालतात. बावचीमुळे त्वचा उन्हाला अधिक संवेदनशील होते. कोड आलेल्या जागी रंग परत यावा म्हणून बावची लावून ऊन घेण्याची पद्धत त्यावरच उभी आहे. म्हणजे रंग आणणारी वस्तू आपण रंग घालवण्यासाठी फासतो! लिंबाचा रस चोळून उन्हात हिंडणाऱ्या मुलींच्या गालावर चट्टे उठतात तेही अशाच कारणाने. आणि तान्ह्या बाळाला रोज पिठाच्या गोळ्याने रगडण्याची जी चाल आहे, ती पाहून तर माझ्या अंगावर काटा येतो. बाळ किंचाळत असते आणि भोवतीच्या बायका म्हणत असतात, 'चोळा अजून, पोरीची जात आहे.' बाळाची कातडी आपल्यापेक्षा किती पातळ! तेलाच्या हलक्या हाताने केलेले मालीश वेगळे आणि वर्ण बदलण्यासाठी केलेली रगडणी वेगळी. त्या बाळाच्या अंगावर ना मळ असतो, ना रापलेपण. तेथे घासले जाते ते फक्त आपल्या मनातले भय.

हळदीबद्दल मात्र मला अधिकाराने बोलता येईल, कारण मी हिंगोली जिल्ह्यातील वसमत तालुक्यातली आहे आणि आमच्या भागाची हळद प्रसिद्ध आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये हळदीची काढणी निघते. बाया कंद मोडून हळकुंडे वेगळी करतात, मग ती शिजवतात आणि उन्हात पंधरा-पंधरा दिवस वाळवतात. वाळलेली हळकुंडे लोखंडी ड्रममध्ये भरून तो गरगर फिरवतात. ती एकमेकांवर आणि ड्रमवर घासली जातात, वरची खरबरीत साल व मुळ्या झडून जातात आणि गुळगुळीत, पिवळेधमक हळकुंड बाहेर पडते. याला पॉलिश म्हणतात. पॉलिश केलेल्या हळदीला बाजारात चांगला भाव येतो. मुलगी पाहायला पाहुणे येणार म्हणून आमच्याकडे महिनाभर आधीपासून जी तयारी चालते, ती पाहताना मला नेहमी तो ड्रम आठवतो.

माझी माय गेली वीस वर्षे या हळदीच्या रानात मजुरी करते. हंगामात तिचे तळहात, नखे, लुगड्याचा पदर, सगळे पिवळे होते. भाकरीलाही हळदीचा वास येतो. हळदीने माणूस गोरा होत असता, तर आमच्या वसमतच्या बाजारातले हमाल आणि रानातल्या मजूर बाया परदेशातून आल्यासारख्या दिसल्या असत्या. माय आहे तशीच काळी आहे. हळदीत जंतूंना रोखण्याचा गुण आहे, जखमेवर तिचा उपयोग होतो, हे मान्य. परंतु हंगामात दिवसाचे आठ तास हळदीत हात घालणाऱ्या बाईचा जो रंग बदलला नाही, तो चिमूटभर हळदीच्या लेपाने कसा बदलेल, एवढा हिशेब तरी आपण करायला हवा.

आता जी गोष्ट सांगायची ती माझ्या धाकट्या बहिणीची आहे. ती नववीत होती. तिची मान मागच्या बाजूने काळी पडू लागली, कातडी जाडसर, मखमलीसारखी दिसू लागली. काखेतही तसेच. घरात पहिला शब्द आला, 'मान घासत जा गं नीट.' शाळेत एका बाईंनी वर्गासमोर तिला उभे करून सांगितले, की उद्या मान स्वच्छ करून ये. पोर बिचारी रोज पहाटे उठून काथ्याने मान घासायची. आमच्याकडे उन्हाळ्यात टँकरच्या पाण्यावर दिवस काढावे लागतात. ती आपल्या वाटणीचे अर्धे पाणी मानेवर ओतायची. माय म्हणायची, 'किती घासायलीस गं, सोलून निघायलीय मान.' मान सोलून निघाली, रक्त आले, खपली धरली आणि खपली गेली तेव्हा कातडी आधीपेक्षा काळी झाली. तिने केस मोकळे सोडून मान झाकायला सुरुवात केली. आणि केस मोकळे सोडले म्हणून शाळेत पुन्हा बोलणी खाल्ली.

शेवटी खोकल्यासाठी दवाखान्यात नेले असता तेथील डॉक्टरीणबाईंची नजर मानेकडे गेली. त्यांनी कापसाने पुसून पाहिले आणि म्हणाल्या, 'हा मळ नाही. घासणे आजपासून बंद.' त्यांनी तिचे वजन केले, घरात कोणाला साखरेचा आजार आहे का ते विचारले आणि रक्त तपासायला सांगितले. मानेवरच्या अशा काळ्या जाड कातडीला डॉक्टरी भाषेत अ‍ॅकॅन्थोसिस नायग्रिकन्स म्हणतात. शरीर इन्शुलिनला नीट दाद देईनासे झाले, की रक्तात इन्शुलिन वाढते आणि त्याच्या प्रभावाने मानेची, काखेची कातडी जाड व काळी होते. पुढे मधुमेह होण्याचा धोका आहे, अशी ती सूचना असते. बहिणीची साखर वरच्या सीमेला टेकलेलीच निघाली. आमच्या आजोबांचा पाय याच आजाराने गेला होता. म्हणजे शरीर आपल्या परीने हाक मारत होते आणि आम्ही सगळे मिळून त्या हाकेवर काथ्या फिरवत होतो. आज ती रोज चालायला जाते, चहातली साखर आणि दुकानातली गोड बिस्किटे बंद आहेत. मान थोडी निवळली आहे. ती निवळली नसती तरी चालले असते. धोका कळला हे महत्त्वाचे.

प्रत्येक काळी मान आजाराचीच असते असे नाही. परंतु जो काळेपणा साबणपाण्याने दोन दिवसांत जात नाही तो मळ नव्हे, एवढे तरी प्रत्येक शिक्षकाने आणि प्रत्येक आईने लक्षात ठेवायला हरकत नाही. अति घासण्यानेच कातडी काळी पडते, हेही डॉक्टरांनी नोंदवून ठेवले आहे. नायलॉनच्या टॉवेलने रोज जोरात अंग घासणाऱ्या लोकांच्या पाठीवर आणि गळ्याच्या हाडांवर काळे पट्टे उमटलेले जपानमध्ये १९८० च्या दशकात आढळले. त्यावर औषध सोपे होते – टॉवेल बंद करणे. आपल्याकडेही नायलॉनच्या घासणीने खांदे आणि नडग्या घासणाऱ्या बायांच्या अंगावर असे डाग दिसतात. गहूवर्णी आणि काळ्या त्वचेचा धर्मच असा आहे, की तिला इजा झाली, ती सुजली, भाजली, की जखम बरी होताना मागे डाग ठेवते. आपण डाग घालवायला घासतो, घासल्याने डाग वाढतो, वाढला म्हणून आणखी घासतो. या चक्रातून जो तो आपापल्या परीने गरगरत असतो आणि बाजार त्याला वंगण पुरवतो.

बाजाराबद्दल थोडे बोलले पाहिजे. 'फेअर अँड लव्हली' हे मलम आपल्या देशात १९७५ साली आले. पंचेचाळीस वर्षांनंतर, २०२० साली, जगभर वर्णद्वेषाविरुद्ध आवाज उठला तेव्हा त्याच्या नावातील 'फेअर' गेले आणि 'ग्लो' आले. गोरेपणा गेला, तेज आले, नळकांडी तीच. आजची भाषा तर आणखी शहाणी झाली आहे. आता कोणी 'गोरे व्हा' म्हणत नाही. 'मृत पेशी काढा', 'टॅन घालवा', 'चमक आणा' म्हणतात. शब्द शास्त्रातले, इच्छा तीच जुनी. चेहरा घासण्याच्या पेस्टमध्ये मध्यंतरी प्लास्टिकचे बारीक मणी घालत असत. ते तोंडावरून मोरीत, मोरीतून नदीत आणि नदीतून माशांच्या पोटात जात. अमेरिकेने २०१५ साली कायदा करून असे मणी बंद केले. चेहऱ्यावरचा मळ काढून नदीत मळ टाकण्याचा हा व्यवहार मला फार बोलका वाटतो.

दुसरा प्रकार आम्लांचा. दह्यात लॅक्टिक आम्ल असते, उसाच्या रसात ग्लायकॉलिक आम्ल असते. मृत पेशींना एकमेकींशी जोडणारा सांधा ही आम्ले सैल करतात आणि न घासताच खपली सुटते. १९७४ साली व्हॅन स्कॉट आणि यू या संशोधकांनी, माशाच्या खवल्यांसारखी कातडी होणाऱ्या रोग्यांवर या आम्लांचा उपयोग होतो, असे दाखवून दिले. ज्यांची कातडी वेळेवर गळतच नाही अशा दुर्दैवी माणसांसाठी शोधलेले हे औषध, पुढे ज्यांना काहीच झालेले नाही अशांच्या चेहऱ्यावर आले. योग्य प्रमाणात, तज्ज्ञांच्या देखरेखीखाली त्याने मुरुमांना, डागांना फायदा होतो हे नाकारता येत नाही. पण आम्ल लावल्यावर त्वचा उन्हाला हळवी होते. उन्हापासून रक्षण करणारे मलम लावल्याशिवाय बाहेर पडू नये असे सांगतात. आता ज्या मुलीला सुट्टीत घरी गेल्यावर दिवसभर खुरपायला जायचे आहे, तिने हे आम्ल लावावे का? लहान बाटलीवर बारीक अक्षरात, तेही इंग्रजीत लिहिलेली ती सूचना तिला कोण वाचून दाखवणार?

याहून वाईट ती विनानावाची मलमे. काहींत पारा असतो. पारा मूत्रपिंडाला अपाय करतो, म्हणून २०१३ च्या मिनामाता करारात पारायुक्त सौंदर्यप्रसाधनांवर बंदीची तरतूद आहे. काहींत स्टेरॉइड असते. आठ दिवसांत चेहरा उजळतो, मैत्रिणी विचारतात, 'काय लावतेस गं?' आणि सहा महिन्यांत कातडी पातळ होते, लाल रेषा दिसू लागतात, मुरूम उठतात, मलम बंद केले की आग आग होते. कोणतेही मलम 'आठ दिवसांत फरक' म्हणत असेल, तर त्या फरकाचीच भीती धरावी.

आमच्या खोलीत या विषयावर पुष्कळ वाद झाला. एक मैत्रीण म्हणाली, 'तू फार ताणतेस. आम्ही कोणासाठी नाही, स्वतःसाठी करतो. स्वच्छ चेहरा पाहिला की बरे वाटते.' मला हे म्हणणे खोटे वाटत नाही. दिवसभराच्या धावपळीनंतर कोमट पाण्याने तोंड धुऊन, साय-पीठ लावून पाच मिनिटे डोळे मिटून बसण्यात सुख आहे. आमच्या मायांना ती पाच मिनिटे कधी मिळाली नाहीत. आपल्याला मिळतात तर घ्यावीत. परंतु मग मी विचारले, की स्वतःसाठी असेल तर टाचेला का नाही लावत? टाच तर तुझीच आहे. यावर सगळ्या हसल्या. टाच फोटोत येत नाही, हे खरे उत्तर होते. वधुवरांच्या जाहिरातींत 'गोरी, सुस्वरूप' असे छापलेले असते. 'टाचा मऊ' असे कोणी छापत नाही. आणि हे मुलींपुरते राहिले आहे असे मुलग्यांनी समजू नये. भरतीच्या मैदानावर धावून रापलेले आमचे वर्गबंधू स्नेहसंमेलनाच्या आदल्या दिवशी पार्लरात जाऊन तोंड पांढरे करून येतात, हे आम्ही पाहिले आहे.

आपल्या लोकांच्या वागण्यात एक विसंगती आहे ती मला उमगत नाही. ज्याला सावळा म्हणून आळवताना गळा भरून येतो त्या विठ्ठलासाठी आषाढीला शेकडो मैल चालायचे आणि घरी परतल्यावर सुनेचा रंग पाहायचा. त्या विठ्ठल-रुक्मिणीच्या मूर्तींचीसुद्धा पंचामृताच्या अभिषेकांनी आणि भाविकांच्या स्पर्शाने झीज झाली. ती आणखी होऊ नये म्हणून २०२० साली मूर्तींवर वज्रलेप करण्यात आला. पंचामृतात दही आहे आणि साखरही आहे – एक आम्ल, एक खडबडीत. भक्तीने घातलेले असले तरी काळा पाषाण त्याने झिजतो. मूर्तीची झीज थांबावी म्हणून आपण तज्ज्ञ बोलावले. पोरींच्या गालांची झीज मात्र आपण सौंदर्य म्हणून मोजतो.

वर्ण या शब्दाचे दोन्ही अर्थ आपल्याला ठाऊक आहेत. १९२७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले, तेव्हा काही लोकांनी पंचगव्याच्या घागरी ओतून ते तळे 'शुद्ध' केले. त्या पाण्याला कोणता मळ लागला होता? कोणताच नाही. मळ पाहणाऱ्यांच्या डोळ्यांत होता आणि घासले गेले तळे. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. येथे आल्यावर पहिल्या महिन्यात एका मुलीने मला अगदी प्रेमाने सांगितले होते, 'तू जरा चेहऱ्याला स्क्रब करत जा, म्हणजे खेड्यातली वाटणार नाहीस.' तिच्या मनात वाईट नव्हते. परंतु तिने नकळत एक गोष्ट कबूल केली. जे घासायचे होते ते खेडे होते, ऊन होते, रानातले काम होते. माझ्या चेहऱ्यावर मळ नव्हता. पहाटे उठून दोन वेळा तोंड धुणारी मी!

म्हणून माझे म्हणणे असे, की घासायचेच असेल तर जेथे खरोखर गरज आहे तेथून सुरुवात करावी, आणि ती गरज पायांना आहे. अनवाणी किंवा झिजलेल्या स्लिपरवर दिवसभर उभे राहणाऱ्या बाईच्या टाचेची कडा जाड होते, कोरडी पडते आणि अंगाच्या भाराने फाटते. भेग खोल गेली की रक्त येते, चिखलपाण्यातून जंतू शिरतात. साखरेचा आजार असेल तर त्यातून पाय गमावण्यापर्यंत पाळी येते, हे आमच्या घराने पाहिले आहे. त्यावर उपाय स्वस्त आहे. रात्री दहा-पंधरा मिनिटे कोमट पाण्यात पाय बुडवावेत, मऊ झालेली कातडी वज्रीने एकाच दिशेने हलकेच घासावी, एका दिवसात सगळी काढण्याचा हट्ट धरू नये, पाय कोरडे पुसून लगेच व्हॅसलीन, कोकमतेल किंवा राळेचे मलम लावावे आणि जुने मोजे घालून झोपावे. औषधाच्या दुकानात युरियायुक्त मलम मिळते, तेही चांगले. पाय बधिर असतील, जखम असेल किंवा मधुमेह असेल, तर मात्र वज्रीला हात न लावता आधी डॉक्टरांना पाय दाखवावेत. कुरूप ब्लेडने कापण्याची वाईट सवय पुष्कळांना आहे, ती सोडावी.

चेहऱ्यासाठी फार सांगण्यासारखे नाही. आठवड्यातून एकदा, फार तर दोनदा, मऊ पिठाने हलक्या हाताने. मुरूम पिकलेले असताना अजिबात नाही. मीठ, साखरेचे खडे, लिंबू आणि नायलॉनची घासणी यांना चेहऱ्यापासून दूर ठेवावे. उन्हात जाताना डोक्यावर पदर, ओढणी, टोपी जे असेल ते घ्यावे. वसतिगृहाच्या आरोग्य तपासणीत वजन आणि उंची तेवढी लिहून घेतात. त्याऐवजी एखाद्या त्वचारोगतज्ज्ञांना वर्षातून एकदा बोलावले आणि मुलींच्या माना व पाय पाहिले, तर किती तरी गोष्टी वेळेवर कळतील. विद्यार्थी प्रतिनिधींनी ही मागणी प्राचार्यांपुढे ठेवावी, असे मी सुचवते.

याच वार्षिकांकाच्या शेवटच्या पानांवर एखाद्या ब्यूटी पार्लरची जाहिरात असण्याचा संभव आहे. अंक छापायला पैसे लागतात, तेव्हा संपादक मंडळाला मी दोष देत नाही. त्या पार्लरात जरूर जावे, पण खुर्चीत बसण्यापूर्वी चार प्रश्न विचारावेत. तोंडाला जे लावणार त्याच्या डबीवर नाव, कारखान्याचा पत्ता आणि मुदत छापलेली आहे का? त्यात आम्ल आहे का, असल्यास किती? ते लावल्यानंतर किती दिवस उन्हात जायचे नाही? आणि टाचांचे किती घेता?